आषाढातली अंजिरं

अंजीर आषाढात पिकतं, असं मला कुणी लग्नाआधी सांगितलं असतं तर मी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. आमच्याकडे, सासवडच्या बाजूला, अंजीर चैत्रात पिकायचं. होळी झाली की झाडावरची हिरवी फळं फुगायला लागायची, पाडव्याच्या सुमाराला जांभळट व्हायची, आणि मग वैशाख संपेपर्यंत घरात दुसरं बोलणं नसे. वडील उजाडायच्या आत बागेत. आई पाट्यांमध्ये अंजिराचीच पानं अंथरून त्यांवर फळं लावत बसलेली. पावसाळ्यातही झाडं फळ धरू पाहतात, नाही असं नाही, पण ते पाणचट आणि आंबूस. त्याला आमच्याकडे खट्टा बहर म्हणतात आणि जाणता माणूस तो घेतच नाही. चैत्रातला तो मिठा बहर. या दोन शब्दांवर वाढलेली मी, जगात सगळीकडे असंच असतं अशी माझी पक्की समजूत होती.

एकोणीसशे अठ्ठावीसच्या आसपास माझं लग्न रत्नागिरीला झालं. मी पंधरा वर्षांची. आमचं घराणं मूळचं कोकणातलंच, पणजोबांच्या वेळी घाट चढून गेलेलं, त्यामुळे सोयरीक पुन्हा खाली उतरली एवढंच. पण आईला मात्र मुलगी परमुलखात गेल्यासारखं झालं. आधी पुणं, मग आगगाडीनं मुंबई, तिथून आगबोट, आणि रत्नागिरीच्या बंदराबाहेर बोट थांबली की किनाऱ्याला लागायला पुन्हा पडाव, म्हणजे होडी. आईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि तो पाहायची तिला हौसही नव्हती.

लग्नाची पंगत उठल्यावर व्याही-व्याही पानसुपारी घेऊन बसले, तेव्हा तिनं आतून विचारून पाठवलं की पोरीला माहेरी कधी धाडाल. वडील हसून म्हणाले की आमच्याकडे माहेरवाशिणी येतात त्या अंजिरं पिकली की. सासऱ्यांनी चारचौघांत लगेच शब्द दिला, अंजिरं पिकली की मुलगी पाठवीन, दरसाल. आई या शब्दावर इतकी खूश झाली की बागेतल्या सगळ्यांत गोड झाडाची मुळं फुटलेली एक फांदी तिनं पत्र्याच्या डब्यात लावून माझ्याबरोबर दिली. आगबोटीवर सगळा वेळ तो डबा माझ्या मांडीवर होता. लोक नव्या नवरीकडे बघायचे सोडून डब्याकडेच बघत होते.

सासरी घर जांभ्या दगडाचं, मागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीत विहीर. नवरा मुंबईला एका पेढीवर नोकरीला, शिमग्याला, गणपतीला आणि नाताळच्या सुटीत यायचा. म्हणजे घरात बारा महिने आम्ही तिघंच, सासरे, सासूबाई आणि मी. सासूबाईंनी माझी फांदी मागल्या दारी, न्हाणीचं पाणी जाई तिथे लावली. कोकणातल्या माणसाला झाड लावायचं म्हणजे आधी पाणी सुचतं. पोफळीला रोज शिंपणं, केळीला रोज शिंपणं, मग अंजिरानं काय पाप केलंय? मी सांगून पाहिलं की याला एवढं पाणी नको. सासूबाई म्हणाल्या की तुमच्याकडे मुळात पाणीच नाही, म्हणून तुम्ही असं म्हणता.

सासरे माझे शब्दाचे पक्के, आणि त्या पक्केपणाचा त्यांना भारी अभिमान. आळीतली भांडणं त्यांच्याकडे यायची आणि कोण नेमकं काय बोललं होतं यावर ते निकाल द्यायचे. थट्टा करायचे तीही न हसता. त्यामुळे ते कधी गमतीत बोलतात आणि कधी मनापासून, हे मला कळत नसे. पहिली दोन वर्षं काही प्रश्नच आला नाही. चैत्रात वडील यायचे, मी त्यांच्याबरोबर जायची, पोटभर अंजिरं खाऊन, आईच्या हाताखाली चार दिवस लहान होऊन शेवटच्या बोटीनं परत यायची.

तिसऱ्या वर्षी आमच्या मागल्या दारच्या झाडानं फळ धरलं. पुरुषभर उंच झालं होतं ते एव्हाना, पानं हातापेक्षा मोठी. धरलं ते वैशाखात आणि पिकलं आषाढात. बाहेर पाऊस असा की वाडीचा गडगा, दगडी कुंपण, तेसुद्धा दिसेना, आणि त्या पावसात अंजिरं पिकतायत! मी इरलं घेऊन गेले आणि बघतच राहिले. फळं पाणी पिऊन फुटली होती, आतला गर बाहेर, त्यावर मुंग्या. एक चांगलंसं दिसलं ते चाखलं तर जिभेला आंबूस चरचरलं. पानांवर तांबेरा. आईच्या सगळ्यांत गोड झाडाचं हे पोर! मला रडूच फुटलं. सासूबाईंना वाटलं मला काही चावलं.

त्या दिवशी ओटीवर बसून सासऱ्यांनी एक अंजीर नीट फोडून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले की मग आमच्यात अंजीर आषाढात पिकतं तर. मी त्याकडे लक्षही दिलं नाही.

पुढच्या चैत्रात वडील आले. मला तेव्हा दिवस गेलेले होते, चौथा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर रिवाजच, त्यामुळे या खेपेला मी राहायला जाणार ती बाळाला घेऊनच परतणार असं मी मनात धरलं होतं. माझं बोचकंही बांधून तयार होतं. वडील थोडे वाळलेले दिसले. मी विचारलं तर म्हणाले की बोट लागली. आई कशी आहे म्हटलं तर म्हणाले, "वाट बघतेय तुझी." दोन्ही वाक्यं त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटली, पण आनंदात असलेल्या माणसाला असलं काही दिसत नाही.

जेवणं झाल्यावर वडिलांनी विषय काढला. सासरे उठले, वडिलांना मागल्या दारी घेऊन गेले. मी न्हाणीच्या दाराआड उभी होते. झाडावर पानं खूप होती आणि फळ औषधाला नव्हतं.

"व्याहीबुवा," सासरे म्हणाले, "मी शब्द दिला तो अंजिरं पिकली की पाठवीन, असा. हे आमच्या दारचं झाड, तुम्हीच दिलेलं. बघा हो, आहे का एक तरी पिकलेलं? आमच्यात आषाढात पिकतात. पिकली की पाठवतों."

मला वाटलं थट्टा. आता हसतील आणि म्हणतील, घेऊन जा हो पोरीला. वडीलही हसले. पण सासरे काही हसले नाहीत. आषाढात आगबोट बंद असते, घाटातली मोटार बंद असते, हे रत्नागिरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आषाढात पाठवतो म्हणजे पाठवत नाही. मला नंतर कळलं की पहिलं नातवंड आपल्याच घरात जन्मावं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. रिवाजाविरुद्ध तसं उघड म्हणवेना, म्हणून माझ्या आईनं दिलेल्या झाडाआड लपले. एवढा शब्दाचा माणूस, आणि शब्दाचा असा उपयोग करतो! सासूबाई आत भांडी घासत होत्या, त्यांचे हात थांबले, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

वडिलांनी वाद घातला नाही. झाडाच्या बुंध्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले की पाणी फार होतंय याला. दुसऱ्या दिवशी एकटेच बंदरावर गेले. निरोप देताना मी चिडून म्हटलं, तुम्ही बोलत का नाही? ते म्हणाले, "अगं, शब्द त्यांचा आहे, मी कसा मोडायला सांगू?" मला त्यांचा सासऱ्यांपेक्षा जास्त राग आला. दोन म्हातारे शब्द-शब्द खेळतायत आणि मध्ये मी.

पावसाळा आला. आषाढात अंजिरं पुन्हा पिकली, पुन्हा फुटली, आणि मी हट्टानं त्यांतलं एकही तोंडात घातलं नाही. भाद्रपदात मुलगी झाली. नातवंड घरात जन्मलं म्हणून सासऱ्यांनी आळीत पेढे वाटावेत, मिरवावं, असं मी धरून चालले होते. त्यांनी वाटले खरे, पण चेहरा असा की कुणाच्या तेराव्याचे लाडू वाटतोय. सासूबाई माझी तेल-शेक इतक्या मायेनं करायच्या की मला अवघडायला व्हायचं. बारशाला माहेरचं कुणी आलं नाही. ना अंगडं, ना टोपडं, ना निरोप. मला वाटलं, वडील रुसले. अपमान गिळून गेले होते ते, तो आता असा बाहेर पडतोय. पण आई? आईनं तरी एखादं झबलं धाडायचं होतं. मी तिच्यावरही रुसले.

आणि मग मी ठरवलं. सासऱ्यांना त्यांच्याच शब्दात धरायचं. या झाडाला चैत्रात पिकवून दाखवायचं.

ते कसं करायचं ते मला माहीत होतं, लहानपणापासून बघत आले होते. पाऊस सरला की झाडाला विश्रांती द्यायची. पाणी तोडायचं, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळं उघडी करायची, ऊन खाऊ द्यायची. झाड पानं टाकतं, अगदी उघडंबोडकं होतं. मग शेंडे छाटायचे, शेणखत घालायचं, माती ओढून पाणी द्यायचं. झाड दचकून जागं झाल्यासारखं फुटतं आणि फळ धरतं, ते चैत्रात तयार. सव्वा महिना झाल्यावर मी उठले, दसरा होऊन गेला होता, आभाळ निवळलं होतं. मुलीला पाळण्यात घालून मी कुदळ घेतली. न्हाणीच्या पाण्याला दुसरीकडून वाट काढून दिली. बुंधा उकरला.

शेजारणी बघायला आल्या. ओली बाळंतीण आणि हिरव्यागार झाडाची मुळं उघडी टाकतेय, त्यांच्या अंगावर काटाच आला. एकीनं सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलंही, की सुनेला बाहेरचं काही लागलं का. मला वाटलं आता सासरे ओरडणार. ते ओटीवरून उठून आले, खड्ड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आता चैत्रातच पिकतील," मी त्यांना तोंडावर सांगितलं, "आणि पिकली की मी जाणार." त्यांनी मान खाली घातली आणि निघून गेले. मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

दिवाळी आली तरी झाडानं एक पान टाकलं नाही. मला काही समजेना. माती वरून कोरडी दिसे, पण बोट खुपसलं की आत ओल. मी म्हटलं, विहिरीचा पाझर असेल. आणखी खोल उकरलं. पान पिवळं पडायचं नाव नाही. उलट शेंड्याला नवी पालवी.

एके दिवशी पहाटे मुलगी रडली म्हणून उठले. दूध पाजून तिला निजवलं आणि न्हाणीत आले, तर मागल्या दारी कुणाची तरी चाहूल. सासूबाई झाडाच्या आळ्यात वाकलेल्या. हातात तांब्या, बाजूला भरलेली घागर. त्या मुळांवर सावकाश पाणी ओतत होत्या, आणि ओतून झालं की वरून कोरडी माती भुरभुरवत होत्या, मला कळू नये म्हणून.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस मला वाटत होतं की निदान ही बाई माझ्या बाजूची आहे. मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. सासूचा हात धरायचा म्हणजे त्या काळी काय होतं ते सांगून कळायचं नाही. मी म्हटलं, झाडाची दया येते म्हणून घालताय ना पाणी? इथे माझी दया कुणाला येत नाही ती!

त्या हात सोडवून घेईनात. तशाच वाकलेल्या राहिल्या.

"दया नव्हे गो," त्या म्हणाल्या. "पिकूं नये म्हणून घालत्ये. पिकलं तर तुला धाडायला लागेल. आणि धाडू कुणाकडे? तुझी आई गेली गो बाय. आषाढातच गेली."

मी ऐकलं, पण मला ते कळलंच नाही. मी त्यांना विचारलं, कुणाची आई? त्यांनी पुन्हा सांगितलं. बातमी सासऱ्यांकडे आषाढातच तारेनं आली होती. मला सातवा महिना, म्हणून बाळंत होईपर्यंत सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं आणि वडिलांनाही तसंच कळवलं. म्हणून बारशाला कुणी आलं नाही. बाळंत झाले तर अंगावर दूध आहे, धसक्यानं आटेल, म्हणून थांबले. आणि मग मी कुदळ घेऊन झाडाला भिडले, तेव्हा कुणाच्या तोंडून शब्दच फुटेना. मी दोन महिने मेलेल्या आईवर रुसून बसले होते. घरातल्या दोन्ही माणसांना ते रोज दिसत होतं.

मरणाची बातमी ऐकल्याबरोबर अंगावरून पाणी घ्यायचं असतं. मला तेही सुचलं नाही. सासूबाईंनीच त्या घागरीतलं उरलेलं पाणी नेसत्या लुगड्यानिशी माझ्या डोक्यावर ओतलं, तिथेच, झाडाच्या उघड्या मुळांपाशी, आणि मला धरून स्वतः रडल्या. मला रडू आलं नाही.

सकाळी सासरे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वडील चैत्रात आले तेव्हाच आई अंथरुणाला खिळलेली होती, हे त्यांना नंतर कळलं होतं, तेही त्यांनी सांगितलं. "एक शब्द बोलायचा होतान् त्यांनी," ते म्हणाले, "मी स्वतः पोचवायला आलों असतों." मी मुलीला उचलून आत गेले. त्यांनी आगबोटीची चौकशी केली आणि दोन दिवसांनी मला आणि मुलीला घेऊन निघाले. अंजिराचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

सासवडला पोचलो तेव्हा कार्तिक होता. वडील बागेतच होते. सगळी झाडं उघडीबोडकी, मुळं उन्हाला. नात पाहून त्यांनी हात पुढे केले, मातीचे होते म्हणून मागे घेतले, धोतराला पुसले आणि मग तिला घेतलं. सासरे त्यांच्या पाया पडायला वाकले. मुलीकडचे सासऱ्यांच्या पाया पडतात, सासरे मुलीकडच्यांच्या पडत नाहीत. वडिलांनी त्यांना वरच्या वर धरलं, बसायला घोंगडी अंथरली, आणि काही झालंच नाही अशा आवाजात बोटीचा प्रवास कसा झाला ते विचारलं.

मी विचारलं की चैत्रात तुम्ही बोलला का नाहीत. तेव्हा त्यांनी सांगितलं. आईनंच शपथ घातली होती, पोर गरोदर आहे, तिला घाबरवू नका, नुसतं अंजिरं पिकली एवढंच सांगा. आणि आजारपण सांगून मुलगी नेली असं सासरी कुणी म्हणायला नको, म्हणून तेही गप्प राहिले. वैशाख काही ती काढत नाही असं वैद्यांनी तेव्हाच सांगितलेलं. ते एकटे परतले तेव्हा तिनं विचारलं, पोरगी कुठाय? खरं काय झालं ते सांगवेना म्हणून ते म्हणाले की त्यांच्याकडे अजून पिकली नाहीत, त्यांच्याकडे आषाढात पिकतात.

"मला वाटलं खचेल," वडील म्हणाले. "तर तिला ते पटलं. म्हणाली, मुलूख निराळा, असेल तसं. मग आषाढापर्यंत थांबते."

समुद्र तिनं पाहिला नव्हता. पावसाळ्यात तो बंद असतो हे तिला माहीत नव्हतं आणि वडिलांनी ते सांगितलं नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, वैद्य चकित झाले. आषाढ लागल्यावर तिनं अंथरूण दाराच्या बाजूला घ्यायला लावलं. रोज सकाळी डोळे उघडले की म्हणायची, पिकली असतील आता तिकडे.

सासरे घोंगडीवर बसलेले होते, त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं. मुलगी वडिलांच्या मांडीवर झोपली होती. मी वडिलांना सांगितलं की हो, पिकली होती.